परवान्याच्या अटी आणि घरातला संगणक

सॉफ्टवेअर विकत घेतले तरी त्याची मालकी मिळत नाही, मिळतो तो वापराचा परवाना. म्हणून कंपनीची प्रत्येक अट म्हणजे कायदाच, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. 1957च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52नुसार, वैधपणे मिळवलेल्या प्रोग्रामची प्रत नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत करणे हे उल्लंघन नाही; स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठी प्रत किंवा फेरफार करण्यालाही तेथे मुभा आहे.

‘पण अटी मान्य करूनच आपण बटण दाबतो ना?’ हा आक्षेप रास्त आहे. तरीही करारभंग आणि कॉपीराइटचा भंग या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय न वाचता, वाटाघाटीविना दिलेल्या संमतीचे नैतिक वजन कमीच असते. मात्र याच युक्तिवादाने चोरीची प्रत समर्थनीय ठरत नाही. ती जाणूनबुजून वापरणे कलम 63बखाली गुन्हा आहे. घरगुती वापरात न्यायालय तुरुंगवास टाळून 50,000 रुपयांपर्यंत दंड करू शकते, एवढीच सवलत. लिब्रेऑफिससारखे मोफत पर्याय असताना ‘परवडत नाही’ ही सबबही टिकत नाही. कायद्याने दिलेले हक्क निःसंकोच वापरा. निर्मात्याचा मोबदला मात्र बुडवू नका.