रोटी आणि राजवट : इजिप्तमधील एका अलिखित कराराची कहाणी

अरब जगतातील गेल्या अर्धशतकाच्या उठावांची मीमांसा करताना भूक हे कारण सर्वांत आधी पुढे केले जाते. परंतु इजिप्तमध्ये राज्यकर्त्यांना धक्के बसले तेव्हा देशात दुष्काळ नव्हता, आणि रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार, विद्यार्थी व पगारदार नोकर यांचा भरणा मोठा होता, हे ध्यानात घेतले की ती मीमांसा तोकडी वाटू लागते. लोकांना अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी होती. राज्यसंस्थेने आपल्याशी केलेला व्यवहार ती एकतर्फी मोडत आहे, अशी त्यांची खात्री पटत चालली होती.

हा व्यवहार अध्यक्ष नासर यांच्या काळात आकाराला आला. १९५२ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी राजेशाही उलथवली, पुढल्याच वर्षी राजकीय पक्ष बरखास्त झाले, आणि त्यानंतरच्या दशकभरात जमिनीचे फेरवाटप, मोफत शिक्षण, पदवीधरांना सरकारी नोकरीची हमी व स्वस्त अन्नधान्य अशी एक व्यवस्था उभी राहिली, जिच्या बदल्यात नागरिकांनी राजकारणातला वाटा मागायचा नाही असे गृहीत होते. अभ्यासक तिला ‘सामाजिक करार’ म्हणतात. ‘बलदी’ म्हणजे कोंडायुक्त गव्हाच्या पिठाची गोल, फुगीर, सरकारी अनुदानातली रोटी हे या कराराचे रोज हाती पडणारे रूप होते.

त्यांच्यानंतर आलेल्या सादात यांनी १९७४ पासून ‘इन्फिताह’, म्हणजे परकीय भांडवलाला दारे खुली करण्याचे धोरण आखले आणि करार पातळ होऊ लागला. कर्जाच्या बोज्याखाली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या आग्रहावरून, १७ जानेवारी १९७७ रोजी मैदा, तांदूळ, साखर, गॅस अशा वस्तूंवरील अनुदानात कपात जाहीर झाली, आणि दुसऱ्याच दिवशी कैरोलगतच्या हेलवान या औद्योगिक उपनगराचे कामगार, अलेक्झांड्रियाच्या गोदीतले कामगार व विद्यार्थी बाहेर पडले. जमावाने पोलीस ठाण्यांबरोबरच कैरोतील पिरॅमिड रस्त्यावरचे नाइटक्लब फोडले. संतापाचा रोख भावफलकापेक्षा नवश्रीमंतांच्या ऐटीकडे होता, याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण. सैन्य उतरले, सुमारे ८० जण मारले गेले आणि कपात मागे घेण्यात आली. सादात यांनी याला ‘चोरांचा उठाव’ म्हटले. ट्युनिशियातही १९८४ च्या जानेवारीत अध्यक्ष बुर्गिबा यांना पावाची दरवाढ दंगलीनंतर रद्द करावी लागली.

सादात यांच्यानंतर आलेल्या मुबारक यांच्या राजवटीने १९७७ च्या या उठावातून घेतलेला धडा चाणाक्ष होता : किंमत शक्यतो हलवायची नाही, बाकी सारे हलवायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रोटी ५ पियास्तरवर (१०० पियास्तर म्हणजे एक पौंड) आली आणि तिथेच तीन दशकांहून अधिक काळ गोठली. दरम्यान तिचे वजन घटत गेले, पिठात मका मिसळला गेला, आणि पांढऱ्या पिठाच्या पावावरचे अनुदान गाजावाजा न करता संपले. २००८ मध्ये जागतिक बाजारात गहू भडकला, स्वस्त पीठ काळ्या बाजाराकडे वळले, रांगांतल्या हाणामाऱ्यांत माणसे दगावली आणि अखेर सैन्याच्या भट्ट्यांना रोट्या भाजण्याचा हुकूम सुटला. त्याच वर्षी ६ एप्रिलला महल्ला अल-कुब्रा या कापडगिरण्यांच्या शहरात निदर्शने भडकली व मुबारक यांची चित्रे पायदळी तुडवली गेली. २०११ मध्ये मुबारक यांना पायउतार करणाऱ्या आंदोलनात कैरोच्या तहरीर चौकातील घोषणेत रोटी, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय हे शब्द एकत्र आले ते याच वाटेने. मात्र त्या आंदोलनासाठी २५ जानेवारी हा दिवस निवडला गेला तो सरकारी ‘पोलीस दिन’ म्हणून, हे विसरून चालणार नाही. अपमानाचा हिशेब रोटीच्या हिशेबाइतकाच जुना होता.

मुबारक यांच्यानंतर निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना पदच्युत करून जुलै २०१३ मध्ये सैन्य पुन्हा सत्तेवर आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निदर्शनांवर कडक निर्बंध घालणारा कायदा झाला. याच सैन्याचे प्रमुख राहिलेल्या अध्यक्ष सिसी यांच्या कारकिर्दीत २०१४ मध्ये स्मार्ट कार्डाची पद्धत देशभर पसरू लागली : माणशी दिवसाला ५ रोट्या, आणि न घेतलेल्या रोट्यांच्या बदल्यात इतर वस्तूंसाठी गुण. रांगा खरोखरच आखडल्या, हे श्रेय नाकारता येत नाही. तरीही मार्च २०१७ मध्ये स्मार्ट कार्ड न मिळालेल्यांच्या कागदी कार्डांवरचा कोटा कापताच अलेक्झांड्रिया व इतर शहरांत लोक रस्त्यावर आले आणि मंत्रालयाने तातडीने माघार घेतली. २०२० मध्ये रोटीचे वजन ११० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आले, तेव्हा मात्र तसे काही घडले नाही.

युक्रेन युद्धाने या व्यवस्थेचे मूळ उघडे पाडले, कारण इजिप्तच्या आयात गव्हाचा फार मोठा हिस्सा रशिया आणि युक्रेन या दोनच देशांतून येत असे; मे २०२२ मध्ये भारताने गहू निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा कांडला बंदरात इजिप्तसाठी भरला जाणारा माल अपवाद म्हणून सोडावा लागला. पौंडाचे वारंवार अवमूल्यन झाले, सप्टेंबर २०२३ मध्ये वार्षिक महागाई ३८ टक्क्यांवर पोहोचली, आणि १ जून २०२४ पासून रोटी ५ वरून २० पियास्तर झाली. उठाव झाला नाही. याचे श्रेय लोकांच्या समजूतदारपणाला देणे भाबडेपणाचे ठरेल. निदर्शनांची किंमत तुरुंगवासाने मोजावी लागते, आणि २० पियास्तरची रोटी ही महागाईने गांजलेल्या घरात अजूनही सर्वांत स्वस्त वस्तू आहे. भाडे, औषधे, मांस आणि मुलांच्या खासगी शिकवण्या यांच्या ओझ्याखाली मध्यमवर्ग आज घरातल्या घरात खर्च कापत बसला आहे.

आता सरकारचा विचार रोटीऐवजी रोख रक्कम देण्याचा आहे. गळती थांबेल, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. पण ९० ग्रॅमची रोटी ८० ग्रॅमची झाली तर ती हातात घेणाऱ्याला कळते, तर रोख रकमेचे मोल पौंड घसरत असताना दर महिन्याला झिजत राहते आणि त्यासाठी कोणत्याही मंत्र्याला कपातीची घोषणा करावी लागत नाही.