मधमाश्यांची सुकडी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या वैशाखातली गोष्ट. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावी मी गिरणीवर ज्वारीचे दळण घेऊन गेलो, तर गिरणीवाले काका फडके झटकीत माश्यांना शिव्या देत उभे. जवळ जाऊन पाहतो तो काय, त्या आमच्याच पेट्यांतल्या मधमाश्या! पिठात अंग माखून घ्यायचे, मागच्या पायांवर पांढऱ्या गोळ्या चढवायच्या आणि थेट घरची वाट धरायची. मला गंमत वाटली. पुढे ती गंमत राहिली नाही.

आमच्या भागात कांद्याचे बी पिकवणारे पुष्कळ. पौष-माघात डोंगळे फुलतात. कांद्याच्या फुलातला पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कुणीतरी हवेच. त्यासाठी शेतकरी मधपेट्या भाड्याने आणतात. भाडे वाचेल या हिशेबाने दादांनी उसने पैसे काढून मेलिफेरा जातीच्या तीन पेट्या विकतच घेतल्या. डोंगळे आटोपले, कडुनिंबाचा मोहोर झडला आणि शिवारात फूल दिसेना. आम्ही साखरेचा पाक ठेवला. माश्या पाक पीत होत्या, तेव्हा आम्हीही निश्चिंत. ज्येष्ठात पेट्या उघडल्या तर दोहोंत मूठमूठभर माश्या उरलेल्या आणि पोळ्याच्या घरांत एकही अळी नाही. दादा काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

मी मराठीचा विद्यार्थी. शास्त्राशी माझी ओळख दहावीपुरती. तरी ग्रंथालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, या प्रकरणाचा छडा लावायचे ठरवले. जे कळले ते असे.

मधमाशीला मकरंदातून मिळते ती उडण्याची शक्ती. पाकानेही तेवढे भागते. पण अळीचे अंग घडते प्रथिनांनी, आणि प्रथिने येतात परागातून. तरुण दाई-माश्या पराग खातात, त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखा रस पाझरतो आणि त्यावर अळ्या वाढतात. पराग नाही तर रस नाही, रस नाही तर अळी नाही. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस लागतात आणि धावपळीच्या दिवसांत तिचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. महिनाभर पाळणा रिकामा राहिला की वसाहत आपोआप आटते. आमच्या माश्या पाक पिऊन उपाशी होत्या!

गिरणीवरची धडपड यासाठीच होती. एकोणिसाव्या शतकात सायलेशियातल्या झिअरझोन नावाच्या पाद्र्यालाही हेच दिसले होते: फुले यायच्या आधी त्याच्या माश्या शेजारच्या गिरणीतून राय धान्याचे पीठ आणीत. परंतु ज्वारीच्या पिठात प्रथिने शेकडा दहाच्या आसपास. बाकी बहुतेक पिष्ट, जे मधमाशीला नीट पचत नाही. हरभऱ्यात ती शेकडा वीसच्या घरात, सोयाबीनमध्ये चाळिसाच्या. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये पचन अडवणारे द्रव्य असते, ते भाजल्याने निकामी होते. म्हणून डाळ्याचे पीठ आणि भाजलेल्या, तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ घ्यावे. जाणकार त्यात यीस्ट आणि थोडी दूध-पावडरही मिसळतात.

यंदा चैत्र सरताना मी घरी हा बेत मांडला, तेव्हा आजी भडकली. "बहात्तरच्या दुष्काळात माणसाला दाणा मिळंना म्हणून आम्ही मिलो खाल्ली, अन् तू माश्यांना डाळ्याचं पीठ घालतूस व्हय रे?" मी म्हणालो, "आजी, खडी फोडायच्या कामावर तुम्हाला सुकडी मिळायची ना? ही माश्यांची सुकडी." ती गप्प झाली. मग तीच परात घेऊन बसली.

पीठ साखरेच्या घट्ट पाकात पुरणाइतके मऊ मळायचे. बाहेरचा मध घालायचा नाही, त्यातून रोग येतो. तळहाताएवढी चपटी वडी तेलकागदावर थापून चौकटींवर, अळ्यांच्या जवळ ठेवायची. एका वेळी थोडीच, कारण उरलेल्या वडीला बुरशी लागते, मुंग्या येतात. आम्ही पहिल्यांदा मोठा गोळा ठेवला होता, तो तिसऱ्या दिवशी आंबला आणि टाकून द्यावा लागला. पिठावर वसाहत तगते. परागावर वाढते तशी वाढत नाही, हेही खरे.

उरलेली एक पेटी यंदा ज्येष्ठातून पार पडली. चौकटीवर अळ्या थोड्या होत्या, पण होत्या. दादांनी दोनदा चौकट उचलून पाहिली. श्रावणात मक्याला तुरे आले आणि माश्यांच्या पायांवर पिवळ्या गोळ्या दिसू लागल्या, तेव्हापासून त्यांनी वडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. उरलेली सुकडी आजीने कोंबड्यांना टाकली.