थकीत भाड्याचा वाद व त्याचे निराकरण : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १५ चे विवेचन

प्रस्तावना

अन्न व वस्त्र यांच्या बरोबरीने निवारा ही मानवाची मूलभूत गरज मानली जाते. शहरी महाराष्ट्रात असंख्य कुटुंबे ही गरज भाड्याच्या घरातून भागवितात. घरमालक आणि भाडेकरू यांचे नाते परस्परावलंबी असते. भाडेकरूला छप्पर हवे असते, तर अनेक घरमालकांच्या, विशेषतः वृद्ध व निवृत्त मालकांच्या, उदरनिर्वाहात भाड्याचा वाटा मोठा असतो. त्यामुळे भाडे वेळेवर न मिळणे हे या नात्यातील कटुतेचे एक प्रमुख कारण ठरते. थकबाकीची रक्कम अनेकदा किरकोळ असते. मात्र तिच्यापायी राहते घर गमावण्याची वेळ येऊ शकते. प्रस्तुत लेखात हा वाद कायद्याच्या चौकटीत कोणत्या टप्प्यांनी पुढे जातो आणि प्रत्येक टप्प्यावर तो कसा मिटविता येतो, याचे विवेचन केले आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात भाडेविषयक तीन वेगवेगळे कायदे प्रदीर्घ काळ अमलात होते. पश्चिम महाराष्ट्र, कोकण व खानदेशात १९४७ चा मुंबई अधिनियम, विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश, तर मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद अधिनियम लागू होता. या तिन्हींचे एकत्रीकरण करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तयार करण्यात आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. अनुसूचीत समाविष्ट किंवा अधिसूचित अशा, प्रामुख्याने नागरी क्षेत्रांना तो लागू होतो. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून या अधिनियमाचे संरक्षण मिळत नाही.

या अधिनियमाच्या कलम १५ मध्ये थकीत भाड्यासंबंधीचे मूळ तत्त्व सांगितले आहे. भाडेकरू प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देत असेल, किंवा ती देण्यास तयार व राजी असेल आणि भाडेपट्ट्याच्या अन्य अटी पाळत असेल, तोपर्यंत घरमालकास जागेचा ताबा मागता येत नाही. यातील ‘तयार व राजी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायदा केवळ पैसे पोहोचले की नाही एवढेच पाहत नाही, तर भाडेकरूचे वर्तनही तपासतो. मात्र तयारी मनात असून भागत नाही. ती पुराव्याने दाखवावी लागते.

पहिला टप्पा : नोटीस व नव्वद दिवस

थकबाकीच्या कारणास्तव ताब्याचा दावा दाखल करण्यापूर्वी घरमालकाने थकीत रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस भाडेकरूवर बजावणे बंधनकारक आहे. ही नोटीस मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ मध्ये सांगितलेल्या रीतीने, म्हणजे टपालाने किंवा समक्ष, बजावली जाते. समक्ष देताना ती भाडेकरूच्या घरातील कुटुंबीयाकडेही देता येते आणि तेही शक्य नसल्यास जागेच्या दर्शनी भागावर लावता येते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवस संपेपर्यंत दावा दाखल करता येत नाही. १९४७ च्या मुंबई अधिनियमात हीच मुदत एक महिन्याची होती.

नोटीस घेण्यास नकार दिल्याने वाद टळतो, असा एक गैरसमज आढळतो. योग्य पत्त्यावर पाठविलेली नोटीस नाकारली गेल्यास न्यायालये ती बजावली गेल्याचे सामान्यतः गृहीत धरतात. परिणामी नकार देणारा भाडेकरू स्वतःचेच नव्वद दिवस वाया घालवितो. या टप्प्यावर कलम १५ मध्ये व्याजाची किंवा दाव्याच्या खर्चाची अट नाही. म्हणून वाद मिटविण्याचा सर्वांत कमी खर्चाचा काळ हाच होय.

रकमेविषयीच मतभेद असल्यास केवळ आपल्याला मान्य असलेली रक्कम देऊन स्वस्थ बसणे धोक्याचे ठरते. अधिनियमाच्या कलम ११ नुसार घरमालकास दरसाल चार टक्के वाढ करता येते आणि ही वाढ अनेक भाडेकरूंच्या हिशेबात धरलेली नसते. मागणी केलेली रक्कम हक्क राखून भरणे व कलम ८ अन्वये प्रमाण भाडे निश्चित करण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे, हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

दुसरा टप्पा : दावा व पुन्हा नव्वद दिवस

नोटिशीची मुदत उलटून दावा दाखल झाला, तरी कायदा भाडेकरूला आणखी एक संधी देतो. दाव्याचे समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत त्याने त्या वेळी देय असलेले सर्व भाडे, अनुज्ञेय वाढ आणि थकबाकीवर दरसाल पंधरा टक्के दराने सरळ व्याज न्यायालयात भरल्यास, थकबाकीच्या कारणावरून निष्कासनाचा हुकूमनामा करता येत नाही. मात्र त्यानंतर दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत भाडे नियमितपणे भरणे आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च देणे, या अटीही पाळाव्या लागतात.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दरमहा २,००० रुपये भाडे असून ते महिनाअखेरीस देय आहे असे समजू. भाडेकरूने जानेवारीपासून काहीच दिलेले नाही आणि तो ३१ डिसेंबर रोजी न्यायालयात रक्कम भरतो. बारा महिन्यांचे भाडे २४,००० रुपये होते. एका हप्त्याच्या एका महिन्याच्या विलंबाचे व्याज २५ रुपये आहे. जानेवारीच्या हप्त्यास अकरा महिने, फेब्रुवारीच्या हप्त्यास दहा महिने, याप्रमाणे एकूण विलंब सहासष्ट महिन्यांचा भरतो व व्याज १,६५० रुपये होते. म्हणजेच भरावयाची रक्कम २५,६५० रुपये असते. भाडेकरूने चोवीस हजार भरून व्याज वगळले, तर कलमाची अट अपुरी राहते आणि दीड-दोन हजार रुपयांसाठी घर धोक्यात येते. रक्कम भरल्यानंतर पुढील महिन्यांच्या भाड्यात खंड पडला, तरीही हाच धोका असतो.

बृहन्मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. अन्यत्र जेथे लघुवाद न्यायालय आहे तेथे त्यापुढे, व नसेल तेथे दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्यापुढे ते चालतात. अधिनियम लागू नसलेल्या क्षेत्रात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ११४ उपयोगी पडते. भाडे न दिल्यामुळे भाडेपट्टा जप्त झाला असल्यास सुनावणीच्या वेळी थकीत भाडे, व्याज व संपूर्ण खर्च भरणाऱ्या भाडेकरूस न्यायालय दिलासा देऊ शकते.

घरमालकाने भाडे स्वीकारण्यास नकार दिल्यास

काही वेळा भाडेकरू भाडे देऊ करतो; परंतु थकबाकी निर्माण व्हावी या हेतूने घरमालक ते स्वीकारत नाही. पूर्वी अशा प्रसंगी भाडे मनीऑर्डरने पाठविले जाई आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली मनीऑर्डर पुरावा म्हणून जपली जाई. आज बँक खात्यातील हस्तांतरणाची नोंद, परत आलेला धनादेश व पोहोचपावतीसह पाठविलेले पत्र यांतून भाडेकरूची तयारी सिद्ध करता येते. स्वीकारलेल्या भाड्याची पावती देणे हे कलम ३१ अन्वये घरमालकाचे कर्तव्य आहे. रोख भाडे देऊन पावती न घेणारा भाडेकरू वाद उद्भवल्यास पुराव्याअभावी अडचणीत येतो.

दुसऱ्या बाजूने पाहता, भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार घरमालकास नाही. कलम २९ अन्वये अत्यावश्यक सेवा तोडण्यास वा रोखून धरण्यास मनाई आहे. घरमालकाचे हितही थकबाकी फार काळ वाढू न देण्यात आहे. मुदत अधिनियम, १९६३ नुसार थकीत भाडे वसूल करण्याची मुदत ते देय झाल्यापासून तीन वर्षांची आहे.

लिव्ह अँड लायसन्स करार

अलीकडे शहरांतील बहुसंख्य नवीन करार भाडेपट्ट्याचे नसून लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचे असतात. कलम १५ चे संरक्षण अशा लायसन्सधारकास मिळत नाही. विलंबाचे परिणाम, अनामत रकमेतून वजावट व करार संपविण्याची नोटीस या बाबी कराराच्या अटींवर अवलंबून असतात. निवासी जागेच्या कराराची मुदत संपूनही ताबा न सोडल्यास कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि लायसन्सधारक ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईस पात्र ठरतो. कलम ५५ नुसार भाडेपट्ट्याचा वा लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. सहीपूर्वी करारातील विलंबाविषयीचे कलम वाचणे, हाच लायसन्सधारकाचा खरा बचाव होय.

तडजोडीचा मार्ग

आजारपण, नोकरी जाणे किंवा वेतन रखडणे यांमुळे भाडे थकले असेल, तर मौन बाळगण्यापेक्षा लेखी कळविणे श्रेयस्कर ठरते. एकूण थकबाकी, हप्त्यांची रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि चालू भाडे स्वतंत्रपणे देण्याची हमी, एवढ्या बाबी उभयतांच्या सहीने नोंदविल्यास पुष्कळसे वाद तेथेच संपतात. ते शक्य न झाल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये लोकअदालतीचा मार्ग खुला आहे. तेथे झालेल्या तडजोडीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान असतो व त्याविरुद्ध अपील करता येत नाही. याच अधिनियमानुसार महिला तसेच अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्यास पात्र असतात.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, थकीत भाड्याच्या प्रकरणी कायदा भाडेकरूला शिक्षा करण्याची घाई करीत नाही. तो दोन वेळा नव्वद दिवसांची उसंत देतो. परंतु ही उसंत निष्क्रियतेसाठी नसून थकबाकी पूर्णपणे फेडण्यासाठी आहे. ज्याच्याकडे पावत्या आहेत, ज्याने नोटिशीला उत्तर दिले आहे आणि ज्याने पूर्ण रक्कम मुदतीत भरली आहे, त्याचे घर या कारणासाठी जात नाही. घरमालकालाही व्याजासह त्याचे पैसे मिळतात. वाद विकोपाला जातो तो बहुधा पैशाच्या अभावापेक्षा हिशेब, पावती व संवाद यांच्या अभावामुळे, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात घेणे आवश्यक आहे.