जुन्या होडीचे नवे मशीन

मालवणकडे किनाऱ्यालगत जाळी टाकणाऱ्या लहान होडीचे जुने आऊटबोर्ड मशीन दुरुस्तीच्या पलीकडे गेले, की नव्याच्या खरेदीत पहिली पृच्छा होते ती अश्वशक्तीची. आणि जेवढी ती अधिक तेवढा वेग अधिक, हा समज इतका सार्वत्रिक आहे की त्याची शहानिशा करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वस्तुतः जी जड होडी पाण्यावर उचलली न जाता पाणी दुभागत चालते, तिच्या वेगाची मर्यादा तिच्या जलरेषेच्या लांबीने आधीच ठरविलेली असते : फुटांतील त्या लांबीच्या वर्गमुळास १.३४ ने गुणावे, म्हणजे ताशी सागरी मैलांत तिचा स्थूल अंदाज मिळतो. २५ फुटांस तो ६.७ भरतो. त्यापुढे शक्ती दुप्पट केली, तरी ती मुख्यत्वे होडीने स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढण्यात खर्ची पडते. नाळ वर उचलली जाते, मागची बाजू दबते, आणि इंधनाचा हिशेब मात्र नाखव्यास चुकता करावा लागतो. भरल्या जाळ्यासह परतणाऱ्या होडीस हवा असतो तो रेटा, आणि तो कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे नेणारा, पंखा बसवून पुष्कळदा स्वस्तात साधतो.

रॉकेल कोणत्याही पेट्रोल-मशीनला चालते, धूर तेवढा अधिक होतो, ही समजूत याहून महाग पडते. रॉकेलसाठी घडविलेल्या मशीनच्या सिलिंडरात दाबच मुळी कमी ठेवलेला असतो. ते पेट्रोलवर सुरू करावे, तापल्यावर रॉकेलवर घ्यावे आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावे, असा त्याचा शिरस्ता. साध्या मशीनमध्ये तेच रॉकेल अवेळी पेटून पिस्टनला इजा करते.

जुन्याच्या जागी कोणतेही नवे बसते, हेही खरे नव्हे. दांड्याची प्रचलित मापे १५ व २० इंच. पंख्यावरची आडवी पट्टी साधारणतः होडीच्या तळाशी समपातळीत आली पाहिजे. दांडा आखूड पडल्यास पंखा हवा ओढतो, लांब झाल्यास पाण्याचा विरोध वाढतो.

राहिला फोर-स्ट्रोकचा लौकिक. ते इंधन कमी पिते, यात संशय नाही. परंतु तेवढ्याच शक्तीच्या टू-स्ट्रोकहून ते बहुधा जड असते, आणि जुन्या फायबर होडीच्या ज्या मागच्या फळीवर हा भार येतो, तिच्यातील लाकूड वरून काही न दिसता आतून कुजलेले असू शकते. हातोडीने ठोकून बद्द आवाज आला, तर विसार देण्यापूर्वी ती फळी कारागिराकडून उघडून घ्यावी.