दसरा काढून न जाणारी अडगळ

मराठवाड्यात घटस्थापनेपूर्वी घरोघरी दसरा काढतात. वाकळा धुतल्या जातात, उतरंडी खाली उतरतात, भिंती पोतारल्या जातात. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावी ज्या घरात खताची रिकामी पोती, जळालेले पंपाचे स्टार्टर, औषधांच्या बाटल्या, जुन्या लग्नपत्रिका आणि तुटक्या बाजा यांची रास माळवदापासून उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपली असेल, त्या घरची मंडळी नेमका हाच मुहूर्त साधून, वडीलधाऱ्याला पाहुण्यांकडे धाडून, ट्रॅक्टर बोलावण्याचा मनसुबा रचतात. खोली मोकळी झाली म्हणजे साठवून ठेवण्याचा आजार गेला, हा या विषयातील सर्वांत दृढ आणि माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज होय. वस्तूंची रास हे केवळ बाह्य लक्षण आहे. वस्तू टाकण्याच्या विचारानेच होणारा असह्य क्लेश आणि काय ठेवावे, काय सोडावे याचा निर्णयच न होणे, हा मूळ विकार आहे. म्हणून बळजबरीने रिकामी केलेली खोली बहुधा पुन्हा भरते. आणि पुढे दवाखान्यापर्यंत नेण्यासाठी जो विश्वास लागला असता, तो मात्र ट्रॅक्टरबरोबर निघून जातो.

हा चिक्कूपणा किंवा आळस आहे, असे गाव म्हणते. वैद्यकशास्त्रही या विकाराला दीर्घकाळ मंत्रचळाचाच एक प्रकार मानीत असे. परंतु २०१३ साली अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदानग्रंथात ‘होर्डिंग डिसऑर्डर’, म्हणजे संचयविकार, ही स्वतंत्र नोंद केली, आणि २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही ती आहे.

याउलट, जपून ठेवणारा प्रत्येक माणूस रोगी, असेही नव्हे. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवणारी आजी किंवा ऊसतोडीला जाताना सहा महिन्यांचा संसार एका खोलीत कोंडून कुलूप घालणारे कुटुंब यांना कोणी या यादीत घालू नये. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातील दस्तऐवजांना आलेले मोल तर सर्वांनी पाहिलेच; ज्यांच्या पेटीत असले कागद निघाले, त्यांना त्या दिवसांत अडगळीवरून टोमणे मारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती! प्रश्न वस्तूच्या उपयुक्ततेचा नाही. चुलीपाशी बसता येत नाही, बाजेवर निजता येत नाही, विंचूकाट्याचे आणि आगीचे भय वाढले आहे, आणि तरीही एक चिंधी हलवू दिली जात नाही, अशी अवस्था झाली की तज्ज्ञाला दाखवावे.

हे म्हातारपणाचे खूळ आहे, हाही समज अपुरा आहे. विकाराची चाहूल बहुधा किशोरवयातच लागते आणि वयाबरोबर तो बळावतो. मात्र उतारवयात तो अकस्मात उद्भवला, तर स्मृतिभ्रंश किंवा मेंदूच्या अन्य आजाराची तपासणी अगत्याची ठरते.

उरला इलाजाचा प्रश्न. मानसोपचार म्हणजे येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेऊन कोंडणे, ही दहशत अजून गेलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क ठरविला असून दाखल होणे शक्यतो स्वेच्छेचे असावे, असा दंडक घातला आहे. संचयविकारात तर दाखल करण्याची गरज सहसा पडतच नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आजारी माणूस तयार नसेल, तर घरच्यांनी आधी स्वतःसाठी हा फोन करण्यास काहीच हरकत नाही. विचार आणि वर्तन यांना वळण देणारी उपचारपद्धती हा मुख्य मार्ग; तीत वस्तू निवडण्याचा व सोडण्याचा सराव रुग्ण स्वतःच्या हाताने, थोडा थोडा करतो. सोबत नैराश्य असेल, आणि ते पुष्कळदा असते, तर त्यावर औषधे देतात. फळ सावकाश मिळते आणि पसारा पुरता सरेलच असे नाही, हे आरंभीच जाणून असावे.

बोलणे पसाऱ्यापासून सुरू करू नये. “आबा, तुमचं एक पोतंसुद्धा मी हलवीत नाही, पण रात्री उठताना तुमचा पाय अडकतो, झोप लागत नाही, तेवढं डॉक्टरांना दाखवू, आणि खोलीचंही त्यांच्या कानावर घालू,” असे मुलाने म्हटले, तर त्यात फसवणूक नाही आणि अपमानही नाही. केसपेपर निघाल्यावर डॉक्टरांना सांगावे, हे केव्हापासून चालले आहे, कोणती खोली वापरातून गेली, पडझड झाली काय, घरात मृत्यू किंवा ताटातूट झाल्यावर ते वाढले काय. खोलीचे छायाचित्र दाखवायचे असेल, तर ते आबांना विचारूनच काढावे.