हेल्मेट घेताना आधी डोकं मोजा

आवडीहून बोलतोय. गावाचं नाव ऐकून आमच्या तासगावकडचे पाहुणे अजून हसतात, 'कुणाची आवडी?' असं विचारतात. चेन्नईच्या पश्चिमेला रणगाड्यांचा कारखाना असलेलं हे गाव. 'विजयंता' रणगाडा १९६५ मध्ये इथल्याच कारखान्यातून बाहेर पडला. मी मात्र रणगाडे बनवत नाही. शेजारच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम करतो. हातात दिवसभर व्हर्नियर आणि गेज. दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर माल परत पाठवणारा मी माणूस, पण स्वतःच्या डोक्याचं माप मात्र पन्नाशीला येईपर्यंत घेतलं नव्हतं. आजचा भाग त्याबद्दलच आहे.

आठ टाके

२०१५ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला की १ जुलैपासून तमिळनाडूत दुचाकी चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घातलंच पाहिजे. मग काय विचारता! दुकानांसमोर रांगा लागल्या, माल संपला आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर हेल्मेटचे ढीग दिसू लागले. मीही अशाच एका ढिगातून तीनशे रुपयांना एक उचललं. डोक्यात घातलं, सहज गेलं. 'छान बसलं,' म्हणालो आणि पैसे दिले. ते सहज गेलं, हीच खरी खूण होती. मला ती वाचता आली नाही.

त्याच वर्षीचा नोव्हेंबर चेन्नईकर विसरणार नाहीत. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या वर्षी तर शहर बुडालं. एका संध्याकाळी सी.टी.एच. रोडवरून घरी येताना पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. वेग फार तर पंचवीसचा असेल. पुढचं चाक आत गेलं आणि मी आडवा झालो. पट्टा लावलेला होता, तरीही हेल्मेट माझ्या आधी रस्त्यावर पोचलं. ते डोक्यावरून निसटून घरंगळत गेलं आणि त्याच्यामागून माझं कपाळ दुभाजकाच्या कडेवर आपटलं. आठ टाके पडले. त्या संध्याकाळचे दोन-तीन तास मला आजही आठवत नाहीत. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. मी तिला चार वेळा तोच प्रश्न विचारला म्हणे: 'तू शाळेतून कधी आलीस?' ती रडत होती, हे बायकोने नंतर सांगितलं.

घरी आल्यावर टेप घेतली. डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर. आणि हेल्मेटच्या आत लेबल होतं ६०० मिलिमीटरचं, म्हणजे ६० सेंटिमीटर. तीन सेंटिमीटर घेर जास्त म्हणजे चहूबाजूंनी जवळपास अर्धा सेंटिमीटर फट. वर्कशॉपमध्ये एवढी फट असलेला भाग मी हातातसुद्धा धरला नसता.

हेल्मेट काम कसं करतं?

पुष्कळांना वाटतं, बाहेरचं कडक कवच आपल्याला वाचवतं. कवचाचं काम आघात पसरवायचं आणि टोकदार वस्तू आत घुसू न द्यायचं. खरं काम करतो तो आतला पांढरा थर, थर्माकोलसारखा दिसणारा. तो चेपतो आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला जागा देतो.

थोडं गणित करू. दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना नुसतं कलंडलात, तरी जमिनीवर पोचेपर्यंत डोक्याचा वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो. उघडं डोकं दगडावर आदळलं आणि दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर त्याच्यावर त्याच्याच वजनाच्या सुमारे ७५० पट जोर येतो. तेच डोकं दोन सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ७५ पट. हिशेब ढोबळ आहे, पण तत्त्व खरं आहे: थांबायला दहापट अंतर मिळालं की जोर एक दशांश होतो. त्या दोन सेंटिमीटरसाठीच आपण पैसे मोजतो. म्हणून 'मी हळू चालवतो, मला कशाला?' या म्हणण्यात अर्थ नाही. दीड मीटरची उंची हळू चालवल्याने कमी होत नाही.

यातूनच दुसरी गोष्ट कळते. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी त्याचं काम झालेलं असतं. म्हणून जुनं, वापरलेलं हेल्मेट कुणाकडून फुकटही घेऊ नका. त्याने आधी काय सोसलंय ते आपल्याला दिसत नाही.

या विषयाची सुरुवातही एका अपघातापासून झाली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले आणि पुढे १९४१ मध्ये त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्या काळात जगभर अभ्यास होत गेले. २००८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र तपासणारा कॉक्रेन आढावा आला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

आपल्या देशातला आकडाही ऐका. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक रस्त्यावर मेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, पगड्या घालून लोक रस्त्यावर आले. सक्ती कशी करावी यावर वाद जरूर घाला. डोकं कसं फुटतं, यावर मात्र वाद होऊ शकत नाही.

अडीच हजारांत दोन हेल्मेट

आता मूळ मुद्द्यावर येतो. तीच मुलगी आता नोकरीला लागली. अंबत्तूरला स्कूटरने जाते आणि शनिवारी आईला मागे बसवून बाजारात नेते. दोघींसाठी हेल्मेट घ्यायचं ठरलं. बजेट अडीच हजार, दोन्ही मिळून. आम्ही लोकल पकडली आणि जी.पी. रोडला गेलो. चेन्नईत गाड्यांच्या ॲक्सेसरीजसाठी हाच रस्ता. तुमच्या शहरातही अशी एखादी गल्ली असेलच.

निघण्यापूर्वी घरी माप घेतलं. शिवणाची टेप भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटर, कानांच्या वरून, मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवायची. तीन वेळा मोजायचं आणि सगळ्यात मोठं माप धरायचं. मुलीचं आलं ५७, बायकोचं ५५.

दुकानात पहिली गोष्ट पाहिली ती आयएसआय मार्क. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय विकता येत नाही. मार्कच्या वर 'आयएस ४१५१' हा मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' नंतर परवान्याचा क्रमांक असतो. नुसता स्टिकर कुणीही छापतो, म्हणून तिथेच मोबाइल काढून 'बीआयएस केअर' या ॲपवर तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि पत्ता येतो. तो हेल्मेटवरच्या नावाशी जुळला पाहिजे. दुकानदाराला राग आला तर येऊ दे. आणि बांधकामावरची पिवळी टोपी किंवा कानाच्या वर संपणारी वाटी हे हेल्मेट नव्हेच.

दुसरी गोष्ट, हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट. जर्मनीत डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेट तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर झालेले आढळले. उघड्या तोंडाच्या हेल्मेटमध्ये तो भाग मोकळा राहतो. 'गरम होतं,' हे चेन्नईत मला कुणी सांगायला नको. पण त्यावर इलाज आहे: हवेची छिद्रं खरंच उघडतात का ते बघा आणि आतलं अस्तर काढून धुता येतं का ते विचारा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बसतं कसं. मुलीला ५८० चं घालायला दिलं, ती लगेच म्हणाली, 'बाबा, गाल दाबले जातायत, मोठं घेऊ.' माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत काउंटरमागचे अण्णा म्हणाले, 'यूस पण्णा लूस आयिडुम, मा.' वापरलं की सैल होतं, बाळ. २०१५ साली मला कुणी एवढं सांगितलं असतं तर! आतला फोम काही आठवड्यांत दबतो. म्हणून नवं हेल्मेट घट्टच हवं.

किती घट्ट, त्याची परीक्षा अशी. पट्टे बाहेर ओढून हेल्मेट घाला. गाल थोडे वर उचलले गेले पाहिजेत. कपाळ आणि अस्तर यांच्यामध्ये बोट सहज जाता कामा नये. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, तेव्हा कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे. मग पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच. आता दुसऱ्या कुणाला तरी मागची कड धरून वर आणि पुढे ढकलायला सांगा. हेल्मेट निघालं तर परत ठेवा. माझं २०१५ चं हेल्मेट याच परीक्षेत पडलं असतं, रस्त्यावर पडण्याआधी.

शेवटी, घातलेलं हेल्मेट दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. सगळीकडून सारखा दाब म्हणजे ठीक. कपाळावर एकाच जागी ठणकलं, काढल्यावर लाल डाग दिसला, तर माप बरोबर असूनही आकार जुळत नाही. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. मुलीला पहिल्या कंपनीचं ५८० कपाळाला टोचलं, दुसऱ्या कंपनीचं ५८० बरोबर बसलं. म्हणून पहिलं हेल्मेट तरी ऑनलाइन मागवू नका. डोकं बरोबर घेऊन दुकानात जा.

बायकोची अडचण वेगळी होती. अंबाडा आणि गजरा. अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, वर तरंगतं. दुकानातल्या ताईंनीच उपाय सांगितला: मानेजवळ सैल वेणी घालायची आणि गजरा डब्यात घेऊन जायचा, पोचल्यावर माळायचा. ५६० चं हेल्मेट छान बसलं. सरदारजींच्या पगडीला कायद्याने सूट आहे, अंबाड्याला नाही.

हिशेब असा: एक साडेअकराशेचं, दुसरं एक हजार पन्नासचं, वर दोनशेची एक जादा पारदर्शक काच. दोन हजार चारशे. वर उरलेल्या शंभरात तिघांची कॉफी.

पैसे कशात घालवू नयेत तेही सांगतो. चित्रं, मागचं शेपूट, आरशासारखी चमकणारी काच, यांनी डोकं वाचत नाही. गडद काच तर रात्री धोक्याची. ब्रिटनमध्ये 'शार्प' नावाची सरकारी योजना हेल्मेट आपटून त्यांना तारे देते. तिथेही स्वस्त हेल्मेटांनी पाच तारे मिळवलेत आणि महागडी मागे पडलीत. आपल्याकडे फरीदाबाद, बेळगाव अशा गावांतल्या कंपन्या हजार-दीड हजारात आयएसआय मार्कची पूर्ण हेल्मेट विकतात. नीट बसलेलं हजाराचं हेल्मेट सैल बसलेल्या पाच हजारांच्या हेल्मेटपेक्षा चांगलं.

घरी आणल्यावर

हेल्मेट आरशाला लटकवून उन्हात ठेवू नका. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नका, त्याने कवच आणि आतला थर खराब होतो. साबणाचं कोमट पाणी पुरे. साधारण पाच वर्षांनी बदला, जोराने आपटलं तर त्याच दिवशी. लहान मुलांना विसरू नका: चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्याने लागतं आणि त्याखालच्या मुलांसाठी हेल्मेट व सुरक्षा पट्ट्याचा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. मोडलं तर मोठ्यांना हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना बंद होऊ शकतो. पण दंडासाठी घालणारा माणूस पट्टा लावत नाही, एवढं मी पोलीस चौकाजवळ रोज बघतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेली बादली.

आता रोज सकाळी साडेआठला मुलगी जिना उतरते, स्कूटरजवळ थांबते आणि हेल्मेट घालते. मग वर गॅलरीकडे बघून डोकं जोरात हलवते. हेल्मेट जागचं हलत नाही. 'बघितलं?' असं विचारून निघते. मी 'हो' म्हणतो आणि माझं घ्यायला आत जातो. ५८० चं, घट्ट.

आज एवढंच करा. शिवणाची टेप शोधा आणि घरातल्या प्रत्येकाचं डोकं मोजा. मग आपलं हेल्मेट उलटं करून आतलं लेबल वाचा. सांभाळून चालवा. भेटू पुढच्या भागात.