खिडकीतील आफ्रिकन व्हायोलेट

टांझानियाच्या ईशान्य भागात उसांबारा नावाची डोंगररांग आहे. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे तिला अडतात आणि त्यामुळे तेथील अरण्ये ओलसर राहतात. या अरण्यांतील वृक्षांच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या भेगांतून, मखमली पानांची व जांभळ्या फुलांची एक ठेंगणी वनस्पती उगवते. जर्मन वसाहतीतील अधिकारी वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेर यांनी ती जर्मनीस आपल्या वडिलांकडे पाठविली. १८९३ साली हेर्मान व्हेंडलांट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला सेंटपॉलिया हे नाव दिले. अलीकडे तिचा समावेश स्ट्रेप्टोकार्पस या वंशात केला जातो. लोक मात्र तिला आफ्रिकन व्हायोलेटच म्हणतात. वास्तविक खऱ्या व्हायोलेटशी तिचे काहीच नाते नाही.

घरात आणलेली ही वनस्पती बहुधा मरते ती उपेक्षेने नव्हे, अतिप्रेमाने. खडकाच्या भेगेत माती मूठभर असते आणि पाणी तेथे साचत नाही. मोठ्या कुंडीतील माती मात्र दिवसेंदिवस ओलीच राहते. अशा मातीत मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल होतात. आणि रोपटे तहानले आहे असे समजून घरची माणसे आणखी पाणी घालतात! पाने मलूल दिसली, तर प्रथम बोटाने माती चाचपून पाहावी. ती ओली असेल, तर पाणी मुळीच घालू नये. कुंडी लहान असावी, माती भुसभुशीत असावी व वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. कुंडी अर्धा तास पाण्याच्या बशीत ठेवून उरलेले पाणी ओतून टाकणे, ही रीत उत्तम.

पाणी खोलीच्या तपमानाइतकेच असावे. उबदार पानावर थंड पाणी पडले, की वरच्या थरातील हरितद्रव्ययुक्त पेशी निकामी होतात व तेथे फिकट डाग उमटतात. हे डाग पुन्हा जात नाहीत.

सावलीतील वनस्पती म्हणून तिला कोपऱ्यात ठेवणेही चुकीचे. अंधारात देठ लांबतात आणि फुले येत नाहीत. पूर्वेकडील खिडकीतील कोवळे ऊन तिला मानवते. दुपारचे ऊन पाने करपविते. १८ ते २५ अंश सेल्सिअस तपमानात ती सुखाने वाढते, म्हणून आपल्याकडील मैदानी प्रदेशांत एप्रिल-मे महिने तिला कठीणच जातात.

एका पानाचा देठ ओलसर वाळूत खोचला, तर काही आठवड्यांत त्याला मुळे फुटतात व पुढे तळाशी इवली रोपे दिसू लागतात. ही रोपे सामान्यतः मूळ झाडाचीच प्रतिरूपे असतात. त्यामुळे जगभरच्या खिडक्यांत अशा असंख्य कुंड्या असल्या, तरी उसांबारातील रानटी वाणांची विविधता त्यांत उतरलेली नाही. आणि तेथील अरण्ये शेतीसाठी व लाकडासाठी तोडली गेल्यामुळे त्यांतील काही वाण आज मोजक्या खडकांवरच उरले आहेत.